विहीणबाईंनी दाखवलेले पक्षी

दसरा उरकल्यावर दिवाळीच्या आधीचे जे दिवस असतात, ते मला बेंगळुरूतले सगळ्यात चांगले दिवस वाटतात. पाऊस पुरता गेलेला नसतो, संध्याकाळी एखादी सर येऊन जाते, पण सकाळचं ऊन कोवळं असतं आणि जुन्या रस्त्यांच्या कडेनं बुचाची झाडं फुललेली असतात. म्हैसूरकडे लोटलेली दसऱ्याची गर्दीही तोवर ओसरलेली असते. म्हणून माझ्या वडिलांना आणि सासूबाईंना मिळून कुठंतरी न्यायचं डोक्यात आलं, तेव्हा मी हेच दिवस धरले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, आई गेल्यापासून बेळगावच्या घरात एकटेच राहतात. सासूबाई पुण्याच्या. सासरे वारल्यावर माझ्या नवऱ्यानं त्यांना इकडं आणलं, आणि तेव्हापासून त्या बेंगळुरूत महादेवपुऱ्यात आमच्याकडे असतात. आम्ही दोघं दिवसभर कामावर असतो. त्या उंच मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या काचेच्या इमारतींकडे बघत बसतात. कंटाळा येतो का, असं विचारलं की म्हणायच्या, "कंटाळा कसला, सगळं तर आहे इथे."

अण्णा आणि सासूबाई एकमेकांना ओळखत होते ते व्याही-विहीण म्हणून. लग्नात मानपान झाला, पुढे नात्यातली बारशी, वास्तुशांत अशा निमित्तानं भेटी झाल्या. अण्णा त्यांना विहीणबाई म्हणत, आणि त्या, घरात सगळेच म्हणतात म्हणून, अण्णा म्हणत. फोनवर एकमेकांच्या तब्येतीची चौकशी व्हायची, पण सलग अर्धा तास ते एकमेकांशी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

सहलीची आखणी मी मन लावून केली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या चढायची ठिकाणं बाद केली. अण्णांना रक्तदाबाची गोळी वेळेवर लागते, जेवण पुढंमागं होऊन चालत नाही. हॉटेलांना फोन करून तळमजल्यावरची खोली मिळेल का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, असं सगळं विचारून घेतलं. रोज एकच ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी फक्त बसणं. आधी बेंगळुरूतच लालबाग आणि मल्लेश्वरम, मग गाडीनं श्रीरंगपट्टणच्या बाजूला नदीकाठच्या एका हॉटेलात मुक्काम, आणि तिथून रंगनतिट्टूचं पक्षी अभयारण्य.

पक्षी अण्णांसाठी होते. मी लहान असताना रविवारी सकाळी ते मला सायकलवर बसवून गावाबाहेरच्या तलावावर न्यायचे. गळ्यात दुर्बीण असायची, आणि आम्ही तासन् तास गवतात बसून राहायचो. म्हटलं, होडीत बसून जवळून पक्षी दिसतात, चालावंही लागत नाही, त्यांना याहून काय हवं? फोनवर सांगितलं तर अण्णा म्हणाले, तू ठरव की. सासूबाई म्हणाल्या, न्याल तिथे येईन. दोघांनाही पसंत आहे असं मी समजून चालले.

अण्णा आले ते दुर्बिणीशिवाय. विसरलात का म्हटलं, तर म्हणाले, "गळ्यात जड होते आता." मला ते पटलं. वयाप्रमाणे माणसाला काय काय जड होत जातं, हे मी सासूबाईंच्या बाबतीत बघतच होते.

लालबागेत आम्ही सपाट वाटेवरून तळ्याच्या बाजूनं सावकाश फिरलो. एका वळणावर अण्णा थबकले आणि म्हणाले, "बूच फुललाय." त्यांनी मान वर केली नव्हती, नुसता श्वास घेतला होता. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, खाली पडलेलं लांब देठाचं एक पांढरं फूल उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. पुण्यात आमच्या शाळेच्या रस्त्यावर ही झाडं होती, आम्ही मुली देठांच्या वेण्या करायचो, असं त्या सांगू लागल्या. त्यांच्या शाळेबद्दल मी पहिल्यांदाच काही ऐकत होते.

तिथून मेट्रोनं मल्लेश्वरमला गेलो आणि एका जुन्या टिफिनच्या, म्हणजे इडली-डोश्याच्या, दुकानात बसलो. भिंतीवरची पाटी वाचायचा कंटाळा केल्यासारखं अण्णा म्हणाले, तुम्हीच सांगा काय ते. वाढणाऱ्याशी मात्र ते अस्सल बेळगावी कन्नडमध्ये गप्पा मारत होते. सासूबाईंना इतक्या वर्षांत कन्नडचे दोनच शब्द आले होते, स्वल्प आणि साकु, म्हणजे थोडं आणि पुरे. त्या तेवढ्यावर भागवत होत्या. इडली आली. अण्णांनी तुकडा मोडला आणि चटणीत बुडवायला म्हणून हात पुढं केला तो वाटीच्या शेजारी, टेबलावर. सासूबाईंनी वाटी उचलून त्यांच्या बोटांना लागेल अशी ठेवली. विहिणीच्या परीनं त्या अगत्य करतायत, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडीनं निघालो. नवरा कामासाठी परगावी होता, त्यामुळे आम्ही तिघं आणि ड्रायव्हर. वाटेत सासूबाई मागच्या सीटवर अण्णांशेजारी बसल्या आणि खिडकीबाहेर जे दिसेल ते सांगत राहिल्या. ऊस आहे. आता नारळ. हे बघा, गुळाचं गुऱ्हाळ असावं, धूर निघतोय. मी पुढच्या सीटवरून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, घरी दिवसभर गप्प असणारी बाई बाहेर पडल्यावर किती बोलती झाली. सहलीचा बेत लागू पडला म्हणून मी स्वतःवर खूषही होते.

रंगनतिट्टूला आम्ही सकाळी गेलो. आदल्या आठवड्यातल्या पावसानं नदीला पाणी होतं, त्यामुळे होडी फार लांब जाणार नव्हती, काठाच्या बेटांजवळूनच फिरवून आणणार होती. होडीवाल्यानं हात धरून दोघांना नीट बसवलं. ते दोघं पुढच्या फळीवर, मी मागं. बांबूच्या बेटावर वटवाघळं उलटी लटकलेली होती, पाण्याला हिरवट वास येत होता. होडीवाला कन्नडमध्ये पक्ष्यांची नावं सांगत होता, पण वल्ह्याच्या आवाजात त्यातलं अर्धंच ऐकू यायचं.

मग सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

"अण्णा, तुमच्या उजव्या हाताला, पाण्यातून वर आलेल्या खडकावर. पांढरा आहे, बगळ्यापेक्षा मोठा. चोच काळी, लांब, आणि पुढे चपटी झाली आहे, पळीसारखी."

"पाण्यात फिरवतोय का चोच? इकडून तिकडं?"

"नाही, नुसता उभा आहे. थांबा, उतरला पाण्यात. हो, आता फिरवतोय."

"चमच्या तो," अण्णा म्हणाले, आणि तो चिखल घुसळून खाणं कसं शोधतो ते त्यांना समजावून सांगू लागले.

माझ्या सासूबाईंना पक्ष्यांची कधी आवड नव्हती. गॅलरीत घाण करणारी कबुतरं हाकलणं एवढाच त्यांचा पक्ष्यांशी संबंध. आता मात्र त्या एकेका पक्ष्याचा रंग, मान, पाय, बसायची तऱ्हा सांगत होत्या, आणि अण्णा डोकं थोडं त्यांच्याकडे कलवून ऐकत, एखादा प्रश्न विचारत आणि मग नाव सांगत. खडकावर मगर पडली होती. ती किती मोठी आहे असं अण्णांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, आपल्याकडच्या सोफ्याएवढी.

माझ्या बाजूनं, अगदी जवळून, एक मोठा पक्षी उडाला. मी हात लांब करून म्हटलं, "अण्णा, तो बघा." अण्णा वळले. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं, माझ्या हाताच्या दिशेनं नाही. पक्षी केव्हाच पलीकडं गेला होता. रिकाम्या पाण्याकडं बघत ते म्हणाले, "छान आहे."

दुर्बीण, टिफिनच्या दुकानातली पाटी, चटणीची वाटी, गाडीतला तो ऊस आणि नारळ, सगळं एकदम समोर आलं. सासूबाईंनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. बोलू नकोस, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी हात खाली घेतला, आणि होडी काठाला लागेपर्यंत त्या दोघांचं बोलणं ऐकत बसले.

हॉटेलवर आलो, जेवलो. दोघं झोपायला गेली, पण मला झोप नव्हती. दुपारच्या चहाला आम्ही व्हरांड्यात बसलो तेव्हा मी विचारणार होते, पण अण्णांनीच सुरुवात केली. डावा डोळा बरेच दिवस झाले बिघडलाय, म्हणाले. आधी दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, मग पेपरातली मधली अक्षरं जायला लागली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून दिवस काढले. आता उजव्या डोळ्यालाही तसंच सुरू झालंय.

"डावा एकटा उघडा ठेवला तर तुझ्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग दिसतो," ते म्हणाले. "केस दिसतात, खांदे दिसतात. उजव्यानं तोंड दिसतं, पण वाकडंतिकडं."

मी विचारलं, की सांगितलं का नाहीत.

"सांगितलं असतं तर तू मला इकडं आणून ठेवलं असतंस."

मी म्हटलं, त्यात वाईट काय आहे, घर आहे तुमचं. तेव्हा सासूबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"वाईट काही नाही गं," त्या म्हणाल्या. "मला ठेवलंच आहे की. खायला-प्यायला आहे, लिफ्ट आहे, औषध वेळेवर येतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं. यांना तरी विचार."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तापलेल्या भांड्याला हात लागला म्हणून सांगावं तितकं साधं त्या बोलल्या. आम्ही त्यांना चांगलं सांभाळतो असं मी सगळ्यांना सांगत आले होते, आणि ते खोटंही नव्हतं. मी गुडघ्यांना विचारलं होतं, रक्तदाबाला विचारलं होतं. ज्यांचे ते गुडघे आणि ज्यांचा तो रक्तदाब, त्या दोघांना तुम्हाला काय करावंसं वाटतं, असं विचारायचं राहून गेलं होतं. नंतर मी सासूबाईंना विचारलं, की तुम्हाला कधी कळलं? लालबागेतच, म्हणाल्या. सासऱ्यांची दृष्टी साखरेनं गेली होती, तेव्हा ते असेच मान तिरकी करून बघायचे. मग मला का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या, "त्यांनी मला सांगितलं नव्हतं. जे त्यांनी झाकून ठेवलंय ते मी कसं उघडायचं? जेवढं करता येईल तेवढं करत होते."

त्या दुपारी मात्र मी आधी फोन हातात घेतला होता. डोळ्यांचे डॉक्टर, लगेच निघालो तर किती वाजता पोचू, सगळी चक्रं सुरू झाली होती. सासूबाई नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी फोन खाली ठेवला आणि विचारलं, "अण्णा, काय करूया?"

ते म्हणाले, "डॉक्टरकडं जाऊया. भीती वाटते, पण जाऊया. उद्या सकाळी निघू. आज संध्याकाळी नदीकाठी बसायचं ठरलंय, ते बसू."

आम्ही बसलो. ऊन उतरल्यावर पक्षी परतायला लागले आणि अण्णा आवाजावरून सांगू लागले, हा खंड्या, हे पोपट, ही टिटवी कुणावर तरी चिडलीय. सासूबाईंनी एकदा विचारलं, आणि हा? अण्णा हसले आणि म्हणाले, तो बेडूक. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं.

बेंगळुरूला डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डाव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही, उजवा मात्र इंजेक्शनांनी टिकवता येईल, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मी डॉक्टरांना ते दोनदा विचारून घेतलं. अण्णा आत जाताना सासूबाई त्यांना म्हणाल्या, मी इथेच बसले आहे.

हिवाळाभर अण्णा आमच्याकडे राहिले, पण पाहुणे म्हणून, त्यांनी स्वतः ठरवलेल्या मुदतीपर्यंत. सकाळी सासूबाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, प्रत्येक बातमीवर आपलं मत सांगून. दुपारी अण्णा त्यांना कन्नड शिकवायचे. खालच्या भाजीवालीशी त्या पूर्ण वाक्य बोलल्या त्या दिवशी दोघांनीही मला ते वेगवेगळं सांगितलं. उजवा डोळा स्थिरावल्यावर अण्णा बेळगावला गेले. मोठं भिंग घेऊन वाचतात, तपासणीला येतात, परत जातात. मला काळजी वाटते. ती वाटणारच, आणि तिच्यावर इलाज म्हणून त्यांना उचलून आणायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावते.

सासूबाईंनी एका रविवारी जेवताना माझ्या नवऱ्याला सांगितलं, की वर्षातले काही महिने त्यांना पुण्याच्या घरी राहायचं आहे. तो घास हातात घेऊन तसाच बसला. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडं नको बघूस, आईंशी बोल. ते बोलणं सोपं नव्हतं, दोनदा तर तो ताटावरून उठून गेला. पण उन्हाळ्यात आम्ही पुण्याला जाऊन घर उघडलं, झाडलं, नळ दुरुस्त करून घेतले.

यंदा दसऱ्यानंतर कुठं जायचं ते त्या दोघांनी फोनवर ठरवलंय. गोकाकचा धबधबा. सासूबाईंनी तो पाहिलेला नाही, आणि अण्णा म्हणतात, पावसाळ्यानंतर त्याचा आवाज लांबूनच यायला लागतो. हॉटेलात तळमजल्याची खोली आहे का, ते सासूबाईंनी स्वतः फोन करून विचारलं. कन्नडमध्ये.