ईशाचा सोलो आणि माझं आभारप्रदर्शन

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू, नाहीतर ठसका लागेल! इकडे कॅनडात, लव्हालमध्ये माझ्या हातून जे झालं, ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

२०१७ साली आमच्या मराठी मंडळाने ईशाच्या सरांचा कार्यक्रम ठेवला. ईशा म्हणजे माझी लेक, कॉलेजात पियानो शिकायची. सर ब्राझीलचे, सॅक्सोफोनवाले. तिकडची सगळ्यांच्या तोंडी असलेली गाणी घ्यायची आणि त्यात आजचा जॅझ मिसळायचा, ही त्यांची खासियत. ईशा त्यांना साथ करणार होती, आणि लोकांपुढे तिचा पहिला सोलोही होता! पोरीने बेसमेंटमध्ये बसून महिनाभर तोच घोटला होता. तिचं नाव पुकारलं की व्हिडिओ घ्यायचा, हे माझं पक्कं ठरलेलं.

आभारप्रदर्शन अर्थातच माझ्याकडे. अध्यक्ष जोशीकाका म्हणाले, "पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या की लगेच सत्कार उरका. नंतर पब्लिक जेवणाकडे पळतं."

सरांनी सॅक्सोफोन असा काही रंगवला म्हणता! पुढे बसलेल्या ईशाच्या कॉलेजवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सर दोन पावलं मागे सरकले. संपलंच की हो गाणं! मी तरातरा वर.

शाल घातली. सर दचकले. नारळ दिला, तर त्यांनी तो कानाशी हलवून बघितला आणि चक्क ड्रमवाल्याच्या हातात दिला! तो खुळखुळ्यासारखा तालात हलवायला लागला. श्रीफळ हो, श्रीफळ! मी हादरलेच.

ईशा मात्र वाजवतच होती. म्हटलं, किती गुणाची पोर, सत्काराला पार्श्वसंगीत देतेय!

मी माईक धरला. हॉलवाल्यांचे आभार, पार्किंगवाल्यांचे आभार, समोसेवाल्यांचे आभार. पियानोचा आवाज वाढला, तसा मीही चढवला. समोरून आमचे हे हात हलवून 'खाली ये, खाली ये' करत होते. हे कायमच घाईत असतात, मी कशाला बघतेय!

शेवटी ऊर भरून म्हणाले, "आणि आता ऐकू या, माझ्या ईशाचा पहिला सोलो!"

पियानो थांबला. वळून बघते तर ईशा लालबुंद.

"आई, जॅझमध्ये कोणी नाव अनाउन्स करत नाही. गाणं चालू असतानाच एकेकाचा सोलो येतो. टाळ्या सरांच्या सोलोला होत्या, पुढे माझा होता. दॅट वॉज माय सोलो!"

मी कपाळावर हात मारला. माईक चालू होता, तेवढं मात्र लक्षात राहिलं नाही. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, "अगं बाई! म्हणजे समोसेवाल्यांचे आभार मी तुझ्या सोलोत मानले?"