मातीला सुरी

आखाड्याची माती प्रेमिलानं कधी पाहिली नव्हती. धुतली मात्र पुष्कळ होती.

सक्करदऱ्याच्या त्या घरात ती सून होऊन आली, तेव्हा सासरे रामाजी गल्लीच्या टोकाच्या आखाड्यात वस्ताद होते आणि नवरा मुकुंद त्यांचाच पठ्ठा. आखाड्यात बायांनी पाऊल टाकायचं नाही, हा तिथला नेम. प्रेमिला कधी दारापर्यंतही गेली नाही. पण बापलेकांचे लंगोट आणि बनियानी रोज तिच्या बादलीत येत. तेल, हळद, ताक आणि लिंबू पाजून मुरवलेली ती तांबूस माती कपडे कितीही आपटले तरी शिवणीतून निघत नसे. त्या मातीचा रंग आणि वास तिला त्या बादलीतूनच ठाऊक झाला होता.

मुकुंद मिहानमधल्या एका कंपनीत होता. सकाळी आखाडा, मग अंघोळ, मग कंपनीची बस. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी त्या बसमध्येच त्याच्या छातीत कळ आली. धंतोलीच्या दवाखान्यात रामाजी बाहेरच्या बाकावर ताठ बसून होते; डॉक्टरांनी येऊन सांगितल्यावरही ते तसेच बसून राहिले. त्यानंतर ते आखाड्याची पायरी चढले नाहीत. मारुतीच्या दर्शनाला जायचे तेही मागच्या गल्लीनं, वळसा घालून. आणि मुलाचं नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही.

आता त्या घरात ते नाव दुसरं कोण घेणार? प्रेमिलानं नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते लग्नातल्या उखाण्यात, नंतर तो 'हे' झाला. मुलगी वेदिका त्याला 'बाबा' म्हणे, बहीण कुसुम 'दादा'. 'मुकुंदा' अशी खणखणीत हाक मारणारा माणूस एकच, आणि त्यानं तोंड मिटलं. नावावाचून घर चालतं. भाजी येते, विजेचं बिल भरलं जातं. पण कधी कधी भांडी विसळताना प्रेमिलाचा हात थांबे. आतल्या खोलीतून ती हाक आता येईल, असं तिला उगीच वाटे.

रामाजींची पंचाहत्तरी आली. प्रेमिला घरीच बिनअंड्याचे केक करून विकायची, तेव्हा केक तिनंच करायचा हे ठरलेलं. आखाड्याचा करायचा, हे मात्र तिनं मनाशी ठरवलं. नणंद कुसुमताई आदल्या दिवशी वर्ध्याहून आल्या, त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"काहून खपली काढून राहिली वं वहिनी? चार गुलाब काढ, नाव लिही, मोकळी हो."

"मामाजींनी गुलाब कधी हुंगला का ताई?"

"नाही हुंगला. पण गुलाब पाहून उठून तं जाणार नाहीत!"

"उठले तर उठले. दोन वर्षं बसूनच आहेत."

कुसुमताईंनी बिस्किटांचा पुडा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मायबाई! आखाड्यात कधी गेली नाही, पण पाय रोवणं बराबर शिकली." आणि बिस्किटं कुटायला बसल्या.

केक चौकोनी होता, दह्यातला. क्रीमचा हात फिरवायला प्रेमिलाला वेळ लागला नाही. वेळ लागला तो मातीला. नुसत्या बिस्किटांचा चुरा फिका दिसे. कोको घातला तर काळ्या रानातली माती होई. शेवटी तिनं कपाटातून मुकुंदची एक जुनी बनियान काढली. खालच्या शिवणीत रंग अजून होता. खिडकीच्या उजेडात बशी शिवणीजवळ धरून ती पाहू लागली. गुळाची पूड घातली, पुन्हा पाहिलं. चिमूटभर हळद घातली.

"अजून जरा लाल पाहिजे, आई," वेदिका मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली, कळलं नव्हतं.

लाल रंगाचा थेंब पडला आणि चुरा शिवणीशी जुळला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग प्रेमिलानं त्यात लिंबाची साल किसली आणि त्या वासासरशी थोडा वेळ ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

कडेनं चॉकलेटचा कठडा झाला. कोपऱ्यात मुद्गलांची जोडी झाली. शेंदरी कोनाडा केला, पण आत मारुती केला नाही. देव कसा खायचा?

"पहिलवान तरी कर ना दोन," वेदिका म्हणाली. "रिकामा दिसतो."

"दोन केले तर त्यातला एक कोण, हे आजोबा विचारणार नाहीत. पण पाहत राहतील."



संध्याकाळी औक्षण झालं आणि केक रामाजींच्या समोर आला. ते बघत राहिले. कुसुमताईंचे यजमान जितेंद्रराव म्हणजे घाईचं माणूस. त्यांनी सुरी पुढे केली. "चला मामाजी, कापा! पोट्टी वाट पाहून राहिली."

रामाजींनी सुरी घेतली नाही, म्हणून जितेंद्रराव स्वतःच वाकले. तोच रामाजींनी त्यांचं मनगट धरलं. त्या वयातही ती वस्तादाची पकड होती.

"मातीले सुरी लावत असते का कोणी, जावईबापू?"

जितेंद्ररावांनी सुरी पाठीमागे लपवली. कुसुमताईंनी वहिनीकडे पाहिलं. प्रेमिलाचा चेहरा उतरला. इतके केक केले, पण हा कापावा लागेल, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती.

"चुकलं मामाजी. मी आत नेते."

"ठेव."

रामाजी उठले. पायातल्या घरात वापरायच्या चपला काढून त्यांनी बाजूला सारल्या. वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली, मग नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"लिंबू टाकलं?"

"हाव."

"किती दिवस मुरवली?"

"आजचीच आहे, मामाजी."

"तरीच भुसभुशीत आहे." वेदिका फिसकन हसली. रामाजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. "रंग कसा जमला तुले? तू तं कधी आत आली नाही."

"बनियानीवरून," प्रेमिला खाली बघत म्हणाली. "ह्यांच्या."

रामाजींनी ताटातला स्टीलचा चमचा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"नवा कोणी आला की पहिल्या दिवशी कुस्ती नाही. पहिले माती खोदायची. घे फावडं."

"मामाजी, बाईनं आखाड्यात..."

"नेम मले शिकवते का? खोद."

प्रेमिलानं चमचा घेतला. वरवरचा चुरा तेवढा बाजूला झाला.

"असं नाही वं! खोल जाऊ दे." रामाजींचा आवाज एकदम चढला, आखाड्यातला झाला. "मुकुंदाही असाच. पहिल्या दिवशी नुसतं वरवर खाजवून राहिला होता, भित्रा कुठला."

वेदिकानं मान वर केली. कुसुमताईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. रामाजींचं मात्र कोणाकडे लक्ष नव्हतं. ते चमच्याकडे पाहत होते, वस्ताद पाहतो तसे.

प्रेमिलानं चमचा तळापर्यंत घातला.

"हां," रामाजी म्हणाले. "आता उचल. मुकुंदाच्या पोरीले दे पहिले."