मागं कोन हाय?

भिंगारचे पेन्शनर हवालदार दुसऱ्या महायुद्धानंतर पलटणीबरोबर जपानात राहिले होते. म्यानातून तलवार एका दमात उपसायची विद्या ते तिथून शिकून आले. एकाहत्तर-बाहत्तर साली आम्ही तिघे कारकून त्यांच्या अंगणात ती शिकायला जायचो, तीही लाकडी तलवारीवर. "खरी न्हाई मिळायची," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मुठीला हात घालण्याआधी ते दर वेळी विचारायचे, "मागं कोन हाय?" मग वळून बघायचं, "कोणी नाही" म्हणायचं आणि नंतरच उपसायची. ते स्वतः दोनदा वळून बघत.

लग्नाचं वय उलटलेली त्यांची मुलगी चहा आणायची, डाव्या हातात एकेक कप. उजवा हात कायम पदराखाली. ती दारात दिसली की हवालदार लाकडी तलवारसुद्धा खाली ठेवून चार पावलं लांब जात.

एकदा ते भिंतीजवळ उभे होते, तरी दोनदा वळले. मी हसून म्हणालो, "हवालदार, मागे भिंत आहे."

"त्या दिशीबी मला मागं भिंतच वाटली हुती," ते म्हणाले.

तेवढ्यात मुलगी पहिला कप घेऊन आली. बाकीचे आणायला मीच आत गेलो.