आप्पांच्या बंदुकीवरची काळी पट्टी

महिन्यातून एकदा मी आप्पांची बंदूक पुसत असे. आप्पा म्हणजे माझे वडील. शिलाई मशीनचं तेल आणि जुन्या धोतराची चिंधी त्यांनी ज्या डब्यात ठेवली होती त्याच डब्यात असायची. होळीच्या सुमारास पुसायला घेतली तर नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. वायरमन वापरतात तसली. टोकाला नाही, मुळाशीही नाही, मध्येच.

मला वाटलं नळीला चीर गेली असेल. पट्टी सोडवून पाहिली. नळी धड होती. मग पट्टी होती तिथंच परत गुंडाळली आणि बंदूक खुंटीला लावली. मी हात लावल्याचं कुणाला कळू नये असं वाटलं.

मी आप्पांची एकुलती एक. लग्नानंतर आम्ही दोघं त्यांच्याच शेतावर, घोडनदीच्या काठाला राहायला आलो. डुकरं पिकात शिरायची म्हणून आप्पांना बंदुकीचं लायसन मिळालं होतं. डुक्कर मारलेलं मी कधी पाहिलं नाही. ते बांधावर उभे राहून आभाळात एक बार काढायचे आणि घरी येऊन चहा प्यायचे. शेवटी थकले तेव्हा माझ्या नावावर करायला मला ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "या बाईला बंदूक उचलती का?" आप्पा म्हणाले, "खताची दोन पोती उचलती, साहेब." सगळे हसले. मी खाली बघत राहिले.

पट्टीचं मी जेवताना काढलं. घरात आम्ही तिघंच. मालक रांजणगावच्या कंपनीची बस चालवतात. मुलगा तिथंच आधी कामाला होता, नंतर कारेगावच्या एका माणसाबरोबर भंगाराच्या ठेक्यात पडला. तेव्हापासून दारात जीप आली, आणि फोन आला की तो उठून बाहेर जायला लागला.

"नळीला पट्टी तू लावली का रं?"

"व्हय. तिथनं कापायची."

"कशापायी?"

"आगं, उसात बिबट्या फिरतोय. वरच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं न्हाई का? लांब नळी पाचटात अडकती. आखूड असली म्हंजी झटक्यात फिरती. मागचा दस्ताबी जरा कमी करू."

"आप्पांची कधी अडकली न्हाई."

"आप्पांच्या टायमाला बिबट्या कुठं व्हता? डुकरं व्हती."

मालक म्हणाले, "डुकरांना बंदूक कशाला पायजे व्हती? तुझा आज्जा खाकरला तरी पळायची." दोघं हसले.

"कापणार कोण?" मी विचारलं.

"कारेगावात फॅब्रिकेशनवाला हाय. गेटं करतो, पायपा कापतो. त्याला काय, ह्यो बी पायपच."

"लायसन माझ्या नावावर हाय."

"म्हणून तर विचारतोय, आई. न्हाईतर नेलीच नसती का?"

हे त्यानं हसतच म्हटलं.

बिबट्या खोटा नव्हता. मी स्वतः बांधावर त्याचे ठसे पाहिले होते, माझ्या तळहाताएवढे. पाणी धरायला जाताना मीही दर चार पावलांना मागं वळून बघायचे. म्हणून एकदा वाटलं, कापू द्यावी. पण आप्पांचा शब्द आठवायचा. नळी कापली की ती राखणीची बंदूक राहत नाही, आणि ज्याच्या नावावर असेल तो आत जातो. माझं काय व्हायचं ते होवो. पोराला ती आखूड करून नेमकी कशाला हवी होती, ते मला कळायला हवं होतं.

एका सकाळी दोघं कामाला गेले. मुलाला मित्र गाडीवर घेऊन गेला होता, जीप दारातच होती. मी बंदूक घेतली आणि उसात शिरले. आप्पांसारखी धरली, उभी, नळी आभाळाकडे. पाचटात माझा पदर अडकला, पाय अडकले. बंदूक कुठं अडकली नाही. सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

मग मी एक ऊस तोडला. दस्त्याचं टोक जरा सोडून पट्टीपर्यंत बंदुकीला लावून पाहिला आणि तेवढंच टिपरू ठेवलं. मालकांच्या चपलेपासून गुडघ्याच्या जरा वर येईल एवढं. जीपचं मागचं दार उघडलं. सीटखाली पोत्याचं फडकं घडी करून अंथरलेलं होतं, आणि दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन आकडे नव्यानं जोडलेले होते. रंगसुद्धा दिला नव्हता. टिपरू त्या आकड्यांवर आडवं ठेवलं. ते बरोबर बसलं. ना लांब, ना आखूड.

टिपरू मी गाईला घातलं. ती सालीसकट खात राहिली.

त्याच आठवड्यात कारेगावचा तो माणूस घरी आला. बूट न काढता पडवीत बसला आणि आतल्या खुंटीकडे बघत म्हणाला, "मावशी, वस्तू ब्येस हाय. भितीला टांगून काय उपेग?"

मी परक्या माणसाशी बोलत नाही. पण विचारलं, "तुमच्याकडं बी बिबट्या हाय का?"

"लई. आमच्याकडचे कंपनीच्या गेटवर बसत्यात."

तो हसला. मुलगा हसला नाही. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला, लहानपणी मार पडणार असला की उकरायचा तसा. त्याच्या कानामागं एक नवा व्रण होता. कशाचा, हे मी विचारलं तेव्हा त्यानं दाराला लागलं म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात निवडणूक लागली. निवडणूक आली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मतदान झालं की परत मिळतात. आप्पा घोंगडीत गुंडाळून न्यायचे, त्यांच्यामागून मी नेऊ लागले. मुलगा म्हणाला, "ने तू. परत आली की कामाला घेऊ." पट्टी त्यानं स्वतः सोडवून दिली.

ठाण्यात साहेब नवे होते. बंदूक बघून घेतली आणि म्हणाले, "मतदान झालं की घेऊन जा, ताई."

वाटेत एसटीत मी जे वाक्य मनात घोकत होते ते म्हटलं. "परत न्यायची न्हाई. लायसन बी नको."

त्यांनी मान वर केली. "का? घरात काही भांडण? कुणी मागतंय का?"

बाहेर झाडाखाली लोक उभे होते. त्यात ओळखीचं कुणी आहे का, हे मला दिसत नव्हतं. मी म्हणाले, "न्हाई. आता उचलत न्हाई."

घरी येऊन मुलाला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, तो ताट भिरकावील. तो म्हणाला, "बरं केलंस," आणि अजून एक भाकरी मागितली. मालकांना हायसं वाटलं. मला नाही. जे हवं ते हातचं गेल्यावर तो लहानपणापासून भांडत आला होता. आता त्याला भांडायचं कारण उरलं नव्हतं, असं काहीसं त्याच्या जेवण्यात होतं.

परवा खंडेनवमी झाली. विळा, कोयता, खुरपी, पहार धुऊन पाटावर मांडली, कडेला जीपची किल्ली ठेवली. मधली जागा बंदुकीची असायची. तिथं काही ठेवावं असं मला वाटलं नाही. आप्पा म्हणायचे, आजच्या दिवशी घरातलं एकही हत्यार पूजेवाचून राहू नये.

मग जीप धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. केरसुणी घेऊन मागच्या दाराकडं गेले तर मुलगा आधीच तिथं उभा होता, दारावर पंजा टेकवून.

"आत नको झाडू, आई. मी झाडलंय."

जन्मात कधी त्यानं केरसुणी धरलेली मी पाहिली नव्हती.

मी केरसुणी खाली ठेवली. हळदीकुंकवाची वाटी घेतली आणि मागच्या दारालाही बोट लावायला गेले. त्यानं हात काढला नाही. कुंकू त्याच्या हातालाच लागलं. त्यानं तो पँटीला पुसला आणि माझ्याकडं जीपची किल्ली मागितली.