सोबत कोणी आहे का?

ब्रेकबाईंचा नवरा तसा एकदाच गेला, वीसएक वर्षांपूर्वी. पण यंदा मात्र तो त्यांच्याच घरात, बाहेरच्या खोलीत, दर रविवारी दोन-तीनदा मरत होता, आणि त्याला मारत होती त्यांची सख्खी लेक.

अहो, घाबरू नका. नीट सांगते.

बाई मोटार शिकवतात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो ना, त्यावरचा बाईंचा पाय म्हणून हलत नाही. म्हणून शिकणाऱ्यांनी नाव ठेवलं ब्रेकबाई. तोंडाचा पट्टा तर विचारूच नका. "साहेब, स्टिअरिंग आहे ते, कुणाचा गळा नाही, जरा सैल धरा!" मॅनेजर असो की कॉलेजातला पोरगा, सगळ्यांना एकच माप. शाळा मुळात नवऱ्याची. तो गेल्यावर लोक म्हणाले, बाई काय मोटार शिकवणार, विकून टाका. तेच लोक पुढे आपापली पोरं घेऊन आले आणि बाईंनी एकेकाला रडवून रडवून लायसन मिळवून दिलं. लेक तेवढी एकच. तिला एकटीने वाढवली, डॉक्टर केली. लेकीची गोष्ट निघाली की बाईंचा आवाज अजूनही एक पट्टी वर चढतो.

तर ही लेक आता अतिदक्षता विभागाचं पुढचं शिक्षण घ्यायचं म्हणत होती. जिथे यंत्रं टुकटुक करतात आणि नातेवाईक बाहेर बाकावर बसून असतात, तिथलं. जागा अगदी मोजक्या, आणि त्यासाठी मुलाखत. मुलाखतीला तीन खोल्या. पहिलीत विचारतात, हेच का करायचं. दुसरीत एखादा अत्यवस्थ पेशंट कागदावर देतात, सांगा आता काय कराल. आणि तिसऱ्या खोलीत एक नटी बसलेली असते. खरीखुरी, नाटकात काम करणारी. ती म्हणे पेशंटची बायको, नाहीतर आई, आणि तिला सांगायचं की तुमचं माणूस गेलं. परीक्षक कोपऱ्यात बसून मार्क देतात. मेल्या माणसाचेही मार्क असतात, बाईंना हे नव्यानेच कळलं.

गेल्या वर्षी लेक पहिल्या दोन खोल्या मारून गेली आणि तिसरीत आपटली. मुलाखत दोनदाच देता येते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

म्हणून घरात तालीम. रविवारी दुपारी लेकीचा मित्र यायचा, तोही डॉक्टर, जाड भिंगांचा, सगळे त्याला ढापण्याच म्हणायचे. तो परीक्षक व्हायचा. नटीचं काम अर्थातच आईकडे. "आई, तू फक्त बसायचं. जास्त ॲक्टिंग करू नकोस." बाई म्हणाल्या, "मी कशाला करू, मला काय पैसे देतेस?" आणि बसल्या.

लेक समोर खुर्ची ओढून घ्यायची, बाईंच्या डोळ्यांच्या पातळीवर यायची. "मी डॉक्टर. तुम्हाला काय काय सांगितलंय आतापर्यंत?" मग थोडं थांबून, "बातमी चांगली नाहीये." मग सरळ, आडपडदा न ठेवता, "ते गेले." आणि मग गप्प बसायचं.

या गप्प बसण्याच्या वेळेला बाई वीस वर्षं मागे जायच्या. खोली तीच असायची, पडदे तेच, पण नाकाला फिनेलचा वास यायचा. हॉस्पिटलातला तो लांब बोळ. भिंतीला लावलेला बाक. टोपीने केस चपटे झालेला एक कोवळा डॉक्टर समोर गुडघ्यावर बसलेला. त्याने काही चुकवलं नव्हतं हो. आज लेकीची तालीम बघून बाईंना कळत होतं की त्या पोराने सगळं शिकवल्याबरहुकूम केलं होतं. बसला, सांगितलं, गप्प राहिला. आणि मग त्याने विचारलं होतं, "तुमच्या सोबत कोणी आहे का?"

बाई म्हणाल्या होत्या, "नाही. कोणी नाही."

सात वर्षांची पोर त्यांच्या मांडीला टेकून झोपलेली होती.

त्या उठल्या होत्या, जिना उतरल्या होत्या, गाडीत बसल्या होत्या आणि गाडी हाणली होती. कुठे, ते आजही आठवत नाही. परत आल्या तेव्हा दिवे लागले होते. पोर तिथेच बाकावर, आणि तो डॉक्टर, ड्यूटी संपलेली असूनही, तिच्या शेजारी. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, शिव्या घातल्या असत्या तर आणखी बरं. आपण "नाही" म्हणालो तेव्हा पोर झोपलेली होती, तिला काय कळणार, या एका गोष्टीवर बाईंनी आजवरचे दिवस काढले. ही गोष्ट त्यांनी देवापुढेही काढली नव्हती.

ढापण्याने पहिल्याच रविवारी वही मिटली आणि कपाळावर हात मारला. "अगं, सगळं झकास करतेस, मग एक वाक्य का गिळतेस? सोबत कोणी आहे का, घरी कसे जाल, हे विचारायचंच असतं! धक्का बसलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं. गेल्या वर्षीसुद्धा घोडं इथेच अडलं तुझं."

"विसरते," लेक म्हणाली.

"दरवेळी? तेच?"

"सांगितलं ना, विसरते!" आणि ती पाणी प्यायला आत गेली.

पुढचा रविवार, तेच. त्याच्या पुढचा, तेच. लेक गप्प बसण्यापर्यंत यायची आणि मग एकदम "मी परत येते" म्हणून उठायची. ढापण्याने सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी.

आणि बाई? खरं सांगायचं तर ते वाक्य टळलं की बाईंचा जीव भांड्यात पडायचा. सुटले बाई आजच्या दिवस, असं वाटायचं. मग लगेच स्वतःचीच लाज वाटायची. पोरीची जागा त्या एका वाक्यावर अडलीय, आणि आई मनातल्या मनात म्हणतेय, विसर गं बाई, आजही विसर. अशी आई वैऱ्यालासुद्धा मिळू नये, असं त्या स्वतःला म्हणायच्या.

कामातही लक्ष लागेना. एकदा रिकाम्या रस्त्यावर, भर सकाळी, बाईंनी इतक्या जोरात ब्रेक दाबला की शिकणाऱ्या काकांचा चष्मा पुढे उडाला.

"काय झालं हो?"

"पोरगी आडवी आली."

"कुठे?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाईंना मात्र ती दिसली होती, सात वर्षांची, गुडघ्यापर्यंत मोजे, एक खाली घसरलेला. काकांनी खाली वाकून चष्मा शोधला आणि उरलेला तास पैसे वाया गेल्यासारखं तोंड करून गाडी चालवली. बाईंनी त्यांना एक चूकही दाखवली नाही, त्यानेच काका जास्त घाबरले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ढापण्या आला नाही, त्याची स्वतःचीही मुलाखत होतीच. दुपारी लेक कपड्यांना इस्त्री करत बसली होती. बाई तिच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"चल. एकदा शेवटचं."

"नको आई. आता डोक्यात जाणार नाही काही."

"ते वाक्य विचारायचं. बाकीचं राहू दे."

लेकीने इस्त्री उभी केली. "नको म्हटलं ना."

"का नको? जिभेला काय काटे आलेत? चार शब्दांसाठी जन्मभराची जागा घालवणार आहेस?" बाईंचा आवाज शिकवणीतला झाला होता. "विचार. मी सांगतेय ना, विचार."

लेक समोर बसली. आईकडे न बघता तिने विचारलं, "तुमच्या सोबत कोणी आहे का?"

बाईंनी उत्तर आठवडाभर घोकलं होतं. "आहे. माझी मुलगी आहे. ही काय, इथेच आहे."

लेकीने आता कुठे वर बघितलं. मग म्हणाली, "तू नाही म्हणाली होतीस."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "तू झोपली होतीस ना गं?"

"डोळे मिटले होते. मोठी माणसं मुलांसमोर खरं बोलत नाहीत, म्हणून मिटले होते. तू कोणी नाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं, आईला कळलंच नाही मी इथे आहे ते. म्हणून मी तुझी बाही धरली. तू बोटं सोडवलीस माझी. एकेक करून."

बाही धरलेली बाईंना आठवत नव्हती. आणि त्याच क्षणी आठवली, छोटी, चिकट, गरम बोटं. खोटं बोलायला वाट होती. धक्का बसला होता, भान नव्हतं, काहीही म्हणता आलं असतं, आणि लेक डॉक्टर होती, तिने ते समजूनही घेतलं असतं.

"सोडवली," बाई म्हणाल्या. "खरंय."

"का?"

"मला तेव्हा कोणीच नको होतं. तूसुद्धा नको होतीस. माझ्याकडून कोणी काही मागू नये, एवढंच वाटत होतं." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर लेकीला उठून त्यांना जवळ घ्यावं लागलं असतं, आणि ते त्यांना मागायचं नव्हतं. "परत आले तेव्हा तू हाक मारलीस, आई आली म्हणून. त्या हाकेची मला आजपर्यंत भीती वाटते."

लेकीने मान हलवली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, बाईंनी विचारलंही नाही. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, कपडे घडी केले आणि दुसऱ्या दिवशीसाठी खुर्चीवर ठेवले.

मुलाखतीला लेकीला बाईंनीच सोडलं. ती आत होती तोवर त्या गाडीतच बसून राहिल्या, रेडिओ न लावता. जागा मिळाली, पण ते कळायला पुढे बरेच आठवडे गेले. त्या दिवशी लेक बाहेर आली, दार उघडून बसली, बूट काढले आणि पाय वर घेतले.

"विचारलंस?" बाई समोर काचेकडे बघत म्हणाल्या.

"विचारलं."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, नाही, कोणी नाही."

बाईंनी किल्लीला हात घातला. लेकच बोलली. "तिला तसंच शिकवलेलं असणार. पण माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, घाई करू नका, एकदा बाजूला बघून सांगा. परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. ती नटी खरंच वळून बघायला लागली, आई."

बाईंनी किल्लीवरचा हात काढला आणि बाजूला बघितलं. शेजारच्या सीटवर लेक बसली होती.