शांघायचं प्रस्थान

ज्याला शोधायला निघाले तो माणूस माझ्या मामेसासऱ्यांना सापडला नाही, असं त्यांच्या सबंध नोकरीत एकदाही घडलं नाही. आणि जो सापडावा म्हणून त्यांचा जीव तुटत होता, त्याला शोधायला ते कधी निघालेच नाहीत. ते ठाण्याच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचं समन्स माणसाच्या हातात नेऊन द्यायचं, हे त्यांचं काम. माणूस मिळाला नाही तर ते दाराला डकवून परत यावं अशी कायद्यात सोय आहे, पण समन्स डकवणारा बेलिफ मामांच्या लेखी भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्याच्या लायकीचा. ‘माणूस घरी कधी सापडत नाही, जावईबापू,’ ते मला सांगत. ‘घरी त्याची बायको सापडते. माणूस सापडतो न्हाव्याकडे, नाहीतर चहाच्या दुकानात. दाढी वाढते आणि तल्लफ येते, ह्याला कोणाचा इलाज नाही.’ जमिनीच्या एका भांडणात साक्ष द्यायची टाळून मोहन्याचा एक इसम महिनोन्महिने गायब होता. तो टेंभी नाक्यावर तोंडाला साबण फासून बसलेला असताना मामा पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. ‘मुलगा झाला, तोंड गोड करा!’ त्याने हात पुढे केला आणि पेढ्याबरोबर समन्सही हातात पडलं. पेढ्याला नाही म्हणणारा साक्षीदार अजून जन्मायचा आहे, असं मामांचं मत होतं. ह्या हिशेबाने नोकरीच्या काळात त्यांना गावभर मुलगे झाले असणार. प्रत्यक्षात एकच होता, आणि तो निघून गेला होता.

त्याला घरात बाळ म्हणत. लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. बाळने कॉलेज सोडलं, त्यावरून बापलेकांचं वाजलं, मामांनी ‘चालता हो’ म्हटलं आणि बाळने आयुष्यात पहिल्यांदाच बापाचं ऐकलं. पुढे बोटीवरचा एक खलाशी निरोप घेऊन आला, की बाळ बोटीवर नोकरीला लागला होता, तो शांघायला उतरून तिथेच राहिला आहे. एका दुकानात बसलेला पाहिला, तब्येत बरी आहे. त्यानंतर काही नाही. मग त्या देशात यादवी माजली, राज्य बदललं आणि बातमी यायच्या वाटाही बंद झाल्या. मामा एव्हाना नोकरीतून मोकळे होऊन डोंबिवलीला राहायला आले होते. मुलाचं नाव ते काढत नसत, कोणी काढलं तर उठून विहिरीवर पाय धुवायला जात. त्यांचे पाय त्या काळात फार स्वच्छ असत. अशातच एका दुपारी सुपारी कातरता कातरता त्यांनी जाहीर केलं, ‘मी शांघाय पाहायला जाणार आहे.’

डोंबिवलीतली माणसं त्या वेळी काशीला जात, फार तर रामेश्वरला. शांघाय पाहायला जायचं म्हणजे शेजाऱ्यांना वाटलं, पेन्शनीचा परिणाम असावा. मी आपलं विचारून पाहिलं, ‘मामा, बाळची काही बातमी...’ ते ताडकन म्हणाले, ‘कोण बाळ? मी शहर पाहायला जातोय. एवढं मोठं शहर आहे, माणसाने पाहू नये?’ मामी आत तांदूळ निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, ‘जा हो, शहरच पाहायला जा. पण पाहताना डोळे तेवढे उघडे ठेवा.’ मामांनी पुढची सुपारी कातरायला घेतली.

मग बेत सुरू झाला, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. शाळेच्या जुन्या नकाशात शांघाय एका काळ्या ठिपक्याएवढं होतं. त्या ठिपक्यात मामांनी अख्खी सहल बसवली. सकाळी उठून कुठे जायचं, दुपारी कुठे, पाऊस असला तर कुठे. चिनी माणसं काड्यांनी जेवतात हे कळल्यावर त्यांनी मामींच्या लोकर विणायच्या सुया घेतल्या आणि दडपे पोहे खायचा सराव आरंभला. पोहे अंगणभर झाले, चिमण्या मात्र माजल्या. एकदा मी त्यांचा बेत नीट ऐकून घेतला. त्यात सकाळी धक्क्याजवळची चहाची दुकानं होती, दुपारी न्हाव्यांची गल्ली होती, संध्याकाळी खलाशी जेवतात त्या खाणावळी होत्या. मी म्हटलं, ‘आणि देवळं, राजवाडे?’ ‘ती काय पळून जाणार आहेत?’ असं म्हणून त्यांनी माझी कीव केली. मामींनी लिंबाचं लोणचं घालून बरणीला दादरा बांधून ठेवला. ‘परमुलखात जेवणाचे हाल होतात, म्हणून मीच तिला घालायला सांगितलं,’ असं मामा म्हणत. मामांना आंबट सोसत नसे. ते लोणच्याकडे पाहूनही छातीवर हात फिरवत. एकदा तर कल्याणच्या मिठाईवाल्याला त्यांनी माझ्यादेखत विचारलं, ‘तुझे पेढे चीनपर्यंत टिकतील का रे?’ तो हसून म्हणाला, ‘चीनला? तिकडं कोणाला मुलगा झाला, काका?’ मामा हातातला पुडा तिथेच ठेवून दुकानाबाहेर पडले.

जायची तयारी झाली, पण जाणं होईना. कधी बोट नाही, कधी परवाना नाही. त्यावर मामांनी जुना उपाय काढला, प्रस्थान ठेवायचा. मुहूर्ताला निघता येत नसेल तर सुपारी, हळकुंड, तांदूळ आणि अंगावरचं एखादं वस्त्र बांधून जायच्या दिशेच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात. ते ठेवलं की माणूस शास्त्राप्रमाणे निघालाच, देह मागाहून गेला तरी चालतो. आमचं बिऱ्हाड कल्याणला. कल्याण डोंबिवलीच्या पूर्वेला, शांघायही पूर्वेलाच. मधलं अंतर मामांनी किरकोळीत काढलं. दसऱ्याच्या दिवशी दोघं नवराबायको गाठोडं घेऊन आमच्याकडे आली. त्यात मामांचं उपरणं होतं आणि मामींनी बाळचा एक सदराही घातला होता. मामांनी तो पाहिला आणि पाहिला नाही. भटजींनी बजावलं, ‘प्रस्थानाला थोड्या दिवसांची मुदत असते हो, तेवढ्यात निघायला हवं. आणि गाठोडं घरी परत न्यायचं नाही, अपशकुन होतो.’ मामांनी कोर्टातली जन्मभराची सवय सोडली नाही. ‘मुदत वाढवून मिळेल की नाही, तेवढं बोला.’ शेवटी दसऱ्याला मुहूर्त पाहावा लागत नाही, तेव्हा दर दसऱ्याला तांदूळ बदलून प्रस्थान नवं करावं, अशी तडजोड निघाली. तांदळाला पोरकिडे होत, मामी दर वर्षी नवे तांदूळ ओच्यात बांधून आणत, आणि आमच्या फळीवर मामा दर वर्षी नव्याने शांघायला निघत.

परवान्याच्या कामाला मी एकदा त्यांच्याबरोबर ठाण्याला गेलो होतो. कचेरीतला साहेब भला होता. त्याने मामांना खुर्ची दिली. ‘बाबा, सहल म्हणून सध्या तिकडे कोणाला सोडत नाहीत. पण तुमचं जवळचं कोणी तिथे असलं तर सांगा, मी शिफारस करतो. आहे का कोणी?’ मी मामांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘आमचं कोणी नाही तिथे. मी शहर पाहायला जाणार होतो.’ मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी माझा हात असा दाबला, की बोटं कळवळली. बाहेर आल्यावर मला त्यांचा विलक्षण संताप आला. एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, ‘मामा, तुमचा हट्ट मामींच्या जिवावर बेतेल.’ ते म्हणाले, ‘जावईबापू, मीच त्याला चालता हो म्हटलं. आता सरकारी शिक्का घेऊन त्याच्या दारात जाऊ? समन्स बजावायला?’ घरी मामींना त्यांनी सांगितलं, की काम होत आलं आहे.

मामींनी त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. थंडीत छातीला कफ धरला आणि गेल्या. लोणच्याची बरणी तशीच होती, लिंबं मुरून काळी झाली होती. पुढच्या दसऱ्याला मामा एकटेच आले. सोनं दिलं, माझ्या बायकोने केलेली बासुंदी चमचाभर चाखली आणि म्हणाले, ‘पोरी, ते गाठोडं दे. घेऊन जातो.’ ती म्हणाली, ‘मामा, प्रस्थान परत नेत नाहीत. अपशकुन होतो.’ ‘आता कोणाला व्हायचाय?’ ते म्हणाले. तिला रडू फुटलं. तिने गाठोडं काढून दिलं. ते काखेत मारून मामा निघाले आणि उंबऱ्याशी थबकले. आमच्या घरापासून स्टेशन जवळ होतं, कुठल्याशा गाडीची शिटी ऐकू येत होती. पाठमोरेच ते म्हणाले, ‘जावईबापू, कलकत्त्याकडून येणारी मेल डोंबिवलीला थांबत नाही ना?’

‘नाही. कल्याणलाच उतरावं लागतं.’

‘म्हणजे तो आला, तर आधी इथे उतरणार.’

इतक्या वर्षांत ‘तो’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ते मागे फिरले आणि गाठोडं त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिलं. ‘तांदूळ आणायचे राहिले गं. ते तुझी मामी आणायची.’ तिने आमच्या डब्यातले तांदूळ घेतले, जुने काढून नवे भरले, सदऱ्याची घडी नीट केली आणि गाठ मारली. मामा पाटावर बसून सगळं बघत होते. जाताना माझा हात धरून म्हणाले, ‘तो आला, आणि मी नसलो, तर त्याला एवढंच सांगा. बाप निघाला होता म्हणावं.’

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाठोडं आमच्या फळीवरच आहे. दसरा आला की ही त्यातले तांदूळ बदलते, आणि त्या दिवशी संध्याकाळी मी उगीचच स्टेशनपर्यंत एक चक्कर मारून येतो.