तिळात मुरलेला बनफशा

मुलांनो, तुमचे बाबा शनिवारी इथून परत निघणार होते आणि त्यांच्या बॅगेत मला एक बाटली द्यायची होती. तिच्यात व्हायोलेटच्या फुलांचं तेल. धाकटी फोनवर म्हणाली होती, "आजी, धाराशिवच्या उन्हात ही फुलं यायचीच नाहीत." मी म्हणाले, येतील, आणि वासही तुझ्यापर्यंत येईल. बोलून बसले खरी.

रोपं महाबळेश्वरहून मागवली. बारा कुंड्या उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत, भोवती ओलं गोणपाट. थंडीत जांभळी फुलं आली, पानांखाली लपलेली. आमच्याकडे काढ्यासाठी ही वाळवून विकतात, त्यांना बनफशा म्हणतात. मला ताजी हवी होती.

काचेच्या बरणीत तिळाचा थर, त्यावर फुलांचा, पुन्हा तीळ. रोज सकाळी कोमेजलेली फुलं वेचायची, नवी घालायची. तीळ वास पितात. शेवटी कुटून, फडक्यात पिळून तेल काढायचं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी वही केली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलेली सवय, कुठलंही निरीक्षण तीनदा करायचं. झाकण उघडून लागोपाठ तीनदा हुंगायचं, दर वेळचं एकेका रकान्यात टिपायचं, तिन्ही वेळा वास आला तरच खाली "आहे" लिहायचं. रोज सकाळ-संध्याकाळ लाल शाईत "नाही" लिहीत गेले. मग दुपारीही उठू लागले. तुमचे बाबा म्हणत, "आई, बस गं जरा." बसवत नव्हतं. ऊन वाढलं होतं, पानं कडेनं करपत होती, कळ्या संपत आल्या होत्या.

गुरुवारी धीर सुटला. कुंपणाचा पहिला मोगरा ओंजळभर तोडला आणि अर्धे तीळ वेगळे काढून त्यात मिसळला. निदान काहीतरी वास जाईल.

तेवढ्यात शेजारीण आली. तिच्या घरचा लाकडी तेलघाणा आहे, तेल पारखण्यात तिचा जन्म गेला.

"बाई, दारातच लई गोड वास आला. कशाचा?"

"मोगऱ्याचा."

"मोगरा कळंना व्हय मला? दुसराच. थंडगार." तिनं नाक वर केलं. "गेला बघा." ती अंगणात जाऊन आली. "आला! पुन्ना गेला. चोरटं हाय तुमचं फूल! तुमी कसं हुंगता?"

"लागोपाठ तीनदा."

"तीनदा! नाकाला दम तरी खाऊ द्या की. आमी एकदा हुंगतो आन् तोंड फिरवतो."

मी वही उघडली. प्रत्येक पानावर पहिल्या रकान्यात "आला", दुसऱ्या-तिसऱ्यात "नाही". सगळं माझ्याच अक्षरात होतं. हे फूल क्षणभर वास देतं आणि नाकच बधिर करून टाकतं.

मोगरा वेचून काढला, पण ते तीळ गेलेच. शुक्रवारी उरलेले कुटून पिळले. तेल बाटलीच्या तळाशी बोटभर. "आई, एवढंसंच?" तुमचे बाबा म्हणाले आणि त्यांनी बाटली मोज्यात गुंडाळली. बाटलीच्या मानेला चिठ्ठी बांधली आहे: एकदाच हुंगा, बूच लावा, फिरून या.

तुम्हाला वास येईल की नाही, मला इथं कळायचा मार्ग नाही. गाळायचं फडकं तेवढं उरलंय. सारखं हुंगत बसेन म्हणून ते कपाटात कुलपात ठेवून किल्ली शेजारणीकडे दिली आहे. सकाळपासून दोनदा तिच्या दारात जाऊन आले. ती देत नाही.